गोड बोलायचं नाही

"बाई, आत गोड काही बोलायचं नाही," साहेबाने दारातच बजावलं. "तुमच्या नवऱ्याच्या छातीत बॉम्ब बसवलाय. काळीज जोरात धडधडलं की फुटतो. शत्रूच्या गोटात सोडल्यावर तेच हवंय आम्हाला. इथे नको."

"बसवताना विचारलं होतंत त्यांना?"

साहेबाने दाराची कडी काढली.

"म्हणजे आमचं लग्नच झालं नाही असं बोलू?"

"तसंच. त्याच्या डोक्यावरचा दिवा लाल झाला की संपलं."

द्वारकाने कडेवरची लेक साहेबाच्याच हातात कोंबली. पोरीला ती महिनाभर 'बाबा' म्हणायला शिकवत होती. तेच ऐकवायला एवढ्या लांब आली होती.

जाड काचेपलीकडे नवरा बसला होता, डोक्यावर हिरवा दिवा. तिने माईक ओढला आणि मोरी तुंबल्याचं सांगितलं. मग मिक्सरचं मोडलेलं पातं, शेजारणीची कुरकुर. तोही बाजारात भेटलेल्या ओळखीच्या माणसासारखा 'हं, हं' करत राहिला.

मग हळूच म्हणाला, "पोरगी बोलते का गं?"

दिवा पिवळा झाला.

"कुठलं बोलणं! नुसती भोकाड पसरते. तुमच्यावर गेलीय."

तो नुसतं "हं" म्हणाला. दिवा पुन्हा हिरवा झाला.

ती बाहेर आली, तेव्हा लेक साहेबाची मिशी धरून ओरडत होती, "बाबा! बाबा!"

साहेबाने मान खाली घातली.

"हा नव्हे गं," द्वारकाने तिला ओढून छातीशी धरलं. "तुझा बाबा आत आहे. हळू बोल."