फुटलेल्या कपाचं मनन

"घरचं वेशीवर टांगू नये गं, पोरी," आई लहानपणी बजावायची. आता तीच रोज सकाळी चर्चच्या ग्रुपवर मनन लिहिते. दूध उतू गेलं की संयमाचं, किल्ली सापडली की हरवलेल्या मेंढराचं, आणि शेवटी ठरलेली ओळ, "यातून आपण काय शिकतो?" खाली आमेनांची रांग.

मी बॅग घेऊन माहेरी आले, तेव्हापासून ती विचारतेय, "काय झालं गं बाळा?" मी म्हणते, "काही नाही."

आज माझ्या हातून कप फुटला. "लागलं नाही ना?" म्हणत तिनं तुकडे गोळा केले आणि मोबाइल उचलला. "फुटक्या भांड्यालाही प्रभू..."

मी तिचा हात धरला.



"आई, तो मारतो मला. यातून कुणी काही शिकायचं नाहीये."