ताईच्या गाण्यातली मोकळी जागा

"जसंच्या तसं म्हण, खुशाल म्हण. पण ताईच्या गाण्यात तुझी ओळ घुसडायची नाही," शिंप्यानं एक घाव दोन तुकडे केले आणि कात्री पुन्हा अस्तराला लावली.

समोरची पोरगी काही हटेना. तिनं ते जुनं गाणं आपल्या आवाजात रेकॉर्ड केलं होतं आणि कंपनीनं तिला बजावलं होतं: आहे तसं गायचं तर गोष्ट वेगळी, शब्द घालायचे तर मालकाची लेखी परवानगी आण. गाण्याचे शब्द ताईचे, चालही ताईची. ताई राहिली नव्हती. म्हणजे मालक कोण, तर गळ्यात टेप अडकवलेला हा तिचा धाकटा भाऊ.

"पण काका, तिथे ओळच नाहीये. ताईंना खोकला येतो आणि मग शेवटपर्यंत नुसती पेटी वाजत राहते. ऐकणाऱ्याला चुकल्या चुकल्यासारखं होतं."

"होऊ दे!" शिंप्याचा आवाज चढला. त्या खोकल्यानंतर ताई पुन्हा कधी गायलीच नाही, अंथरूण धरलं आणि गेली. दुकान उघडलं की तो आधी तिची रेकॉर्ड लावायचा, मग मशीनला तेल घालायचा. त्या मोकळ्या जागेत त्याला ताई भेटायची. तिथे कुणा परक्यानं पाय ठेवलेला त्याला खपणार नव्हता.

"निदान ऐका तरी," म्हणत पोरीनं फोन पुढे केलाच. गोड गायली होती, खोटं कशाला बोला. खोकल्याच्या जागी आली, 'उघडा'च्या मध्येच एक चोरटा श्वास घेतला आणि म्हणाली, "दार उघडा ना कुणी, आले मी घरी."

शिंप्याच्या अंगावर सरसरून काटा आला आणि त्याचाच त्याला राग आला. "छान आहे. पण ताईचं नाही हे. थांब, तुला ऐकवतोच." तो तरातरा उठला आणि त्यानं रेकॉर्डवर सुई ठेवली.

ताई गाऊ लागली. ती जागा जवळ आली तसे त्यानं सवयीनं डोळे मिटले. खोकला आलाच नाही.

"दार उघडा ना कुणी," ताई म्हणाली, "आले मी घरी." श्वाससुद्धा तिथेच, 'उघडा'च्या मध्ये.

"अगं बाई!" पोरगी पुटपुटली. शिंप्यानं घाईघाईनं सुई उचलून मागे नेली. पुन्हा तेच. खोकल्याचा मागमूस नाही, आवाज कसा ठणठणीत, कधी आजारी पडलीच नव्हती म्हणावं असा. त्याला रडू फुटलं. आनंदाचं की भीतीचं, त्याचं त्यालाच कळेना.

"राहू दे तुझी ओळ," तो कसाबसा म्हणाला. "देतो लिहून."

पोरीचं लक्षच नव्हतं. पेटी थांबली होती. आता सुईची नुसती खरखर ऐकू यायला हवी होती. ताईनं जरा दम खाल्ला आणि पुढचं कडवं उचललं.

"काका," दुकानाच्या दारापासून बाजूला सरकत पोरगी म्हणाली, "हे मी नाही हो लिहिलेलं."