तीस विमानांचं कार्ड

डायलन त्याही वर्षी वाकडंतिकडं फिरूनच घरी येत होता. तेवीस डिसेंबर, दोन हजार सात. रोझाच्या नेवऱ्या तळून झाल्या, दोदोल आटवून झालं, तरी मुलाचा पत्ता नव्हता. कुवेतहून निघून त्याला दीड दिवस झाला होता.

"कुवेतसून गोव्याक सरळ इमान येता म्हणतत," दारात मासळीची पाटी उतरवत आनंदीबाई म्हणाली. "तुझो झील असो गाव भोवत कित्याक येता गो?"

"कार्डासाठी," रोझा म्हणाली.

हे कार्डाचं प्रकरण मालवणात त्यांच्या वाडीला एव्हाना तोंडपाठ झालं होतं. डायलन लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होता. कामासाठी कंपनी त्याला आखातभर विमानानं पाठवायची. वर्षात तीस विमानं झाली की विमानवाले सोनेरी कार्ड देत. मग जादा सामान, वेगळी रांग, फुकट जेवण, सगळा थाट. कामातून वीस-बावीस विमानं व्हायची. उरलेली भरून काढायला हा पठ्ठ्या घरी येताना एका विमानाची चार करायचा. कुवेतहून बहारीन, तिथून मस्कत, मग मुंबई, मग गोवा. जातानाही तीच तऱ्हा. मस्कतला तर नऊ नऊ तास मुक्काम.

चार वर्षं हे चाललं होतं. एकदा सत्तावीस झाली, एकदा एकोणतीसवर गाडी अडली. रोझाला कार्डाचं काडीचं कौतुक नव्हतं. दहा दिवसांची रजा, त्यातले तीन दिवस विमानतळांवर जायचे. तिला ते तीन दिवस हवे होते. एवढंच तिचं मागणं होतं, आणि ती ते दर वर्षी बोलून दाखवायची.

एरवी घरात ती एकटीच. नवरा, कॉन्स्टान्सियो, जहाजावर खानसामा होता. वर्षातून दोन महिने यायचा आणि घर भरून टाकायचा. मोठ्यानं गायचा, चूल अडवून बसायचा. कोंबड्यांच्या खुराड्यापासून विहिरीच्या कळशीपर्यंत सगळं स्वतः बांधायचा, आणि त्या जहाजी गाठी सोडवताना शेजारीपाजारी घामाघूम व्हायचे. मग रोझा हसत पुढे यायची आणि नखांनी त्या अलगद सोडवायची. फार सुखाचे दिवस होते ते. एकोणनव्वद साली त्याची पत्रं थांबली. कुठल्याशा बंदरावर उतरला तो परत चढलाच नाही, एवढंच कंपनीनं कळवलं. डायलन तेव्हा नऊ वर्षांचा होता.

नोव्हेंबरात चर्चमध्ये मेलेल्यांची नावं वाचतात. त्यासाठी घराघरांतून यादी जाते. पुष्कळ वर्षं वाट पाहून रोझानंही नवऱ्याचं नाव यादीत घातलं होतं. अलीकडे मात्र तिनं ते देणं बंद केलं. लोक म्हणाले, किती वर्षं तेच धरून बसणार बिचारी? विसरली, बरंच झालं.

दिवेलागणीला डायलन आला. बॅगेतून आधी चिनीमातीची बरणी निघाली. खोलीवरच्या दोस्तांसाठी म्हणून रोझा तिच्यातून सुंगटांचं, म्हणजे कोळंबीचं, लोणचं द्यायची आणि दर खेपेला ती खजुरानं भरून परत यायची. झाकणावर फडकं, फडक्यावर सुतळी आवळलेली.

"माय, सुरी दी. कापून टाकतंय."

"कापू नको. सुतळी कामाक येता."

दिव्याखाली बसून तिनं ती नखांनी सोडवली. चांगला पाव तास लागला.

"दोस्त बरे आसत तुझे," ती म्हणाली. "भांडा रिकामा धाडनत नाय."

"हां," म्हणून डायलन आंघोळीला गेला.

नाताळच्या दिवशी आनंदीबाई नेवऱ्या खायला आली, तेव्हा त्यानं पाकिटातून कार्ड काढलं. नोव्हेंबरातच तीस पुरी झाली होती. आनंदीबाईनं ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"सोन्याचा म्हणालंस मां? ह्या तर प्लास्टिकचा रे!"

सगळे हसले. रोझाही हसली, मग म्हणाली, "नोव्हेंबरात गावला, तर ह्या खेपेक सरळ कित्याक नाय इलंस?"

डायलन गडबडला. "कार्ड एका वर्साचा, माय. फुडल्या वर्सा परत तीस करूक होयी."

"म्हणजे ह्या कधी संपाचाच नाय!" आनंदीबाईनं कपाळावर हात मारला.

रोझा नेवऱ्यांची ताटली उचलून आत गेली. तिचा उतरलेला चेहरा डायलनला बघवेना. पुढचे दोन दिवस तो अस्वस्थ होता. समुद्रावर एकटाच फेऱ्या मारून यायचा. शेवटी निघायच्या आदल्या दिवशी सकाळी तो स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला.

"माय, तिकीट बदलतंय. कार्ड गेला तर जावंदे. सरळ जातंय. दोन दिवस ज्यादा रवतंय तुझ्याकडे."

रोझाचे डोळे भरून आले. चार वर्षं ती हेच ऐकायला आसुसली होती. तिनं पदरानं डोळे पुसले आणि पाटावर बसून बरणीत लोणचं भरायला घेतलं. काठोकाठ भरलं, झाकण लावलं, फडकं बांधलं, आणि बरणी त्याच्या हातात दिली.

"तिकीट बदलू नको. मस्कतसूनच जा. आनि बापाशीक सांग, बरणीची गाठ जरा सैल मार म्हणान. माझी बोटा आता दुखतत."