बॅटरी का उतरते

माझा मुलगा सुयश वारला, त्यानंतर त्याची सेकंडहँड स्पोर्ट्स कार मस्तगडच्या घरापुढे उभीच होती. डोळ्यांपुढे नको, म्हणून मीच गिऱ्हाईक पाहिलं. ते दुपारी गाडी न्यायला येणार, आणि पूजा आटोपून मी किल्ली फिरवली तर गाडी गप्प.

बबलू मेकॅनिकने बॉनेट उघडलं. "काकू, गाडी आहे का मोबाइल? परवाच तर चार्ज करून गेल्तो!"

बॅटरी चांगली होती, वायरीही बराबर होत्या. मंग त्याने आत डोकावून छताकडे बोट दाखवलं. "हे बघा. आतला लाइट कोणीतरी मुद्दाम चालू करून राह्यलंय. रातभर जळतो अन् बॅटरी खाली होते."

घरात आम्ही दोघंच. मी पायरीवर बसलेल्या यांच्याकडे पाहिलं. "अहो, तुम्ही लावता?"

हे गाडीकडे बघत म्हणाले,

"दहाव्याला तू त्याच्या जागेवरचा दिवा काढून घेतला. अंधारात झोपायला घाबरतो गं तो."