कुंपणापासून परत

“अंगावर पिणारी पोर घेऊन एम.ए.च्या तोंडी परीक्षेला जाऊ नकोस, चित्त थाऱ्यावर राहणार नाही,” सासूबाई म्हणाल्या होत्या. मी हसण्यावारी नेलं. आता त्याच तिला घेऊन व्हरांड्यात बसल्यात आणि पोर रडतेय.

“तुमच्या अभ्यासक्रमातलं गुलाम स्त्रीचं आत्मकथन आणि ही कादंबरी. स्वातंत्र्याचा शोध दोन्हींत सारखाच ना?” परीक्षकांनी विचारलं.

“नाही सर. कादंबरीतली नायिका एकटीच घर सोडते. गुलाम बाई कुंपणापर्यंत जाऊन लेकरासाठी परत फिरते.”

“म्हणजे हरली?”

“नाही. तिला दोघांचं स्वातंत्र्य हवंय. तिचा शोध मोठा.”

“हे कुठं वाचलंत?”

“कुठंच नाही.” माझा आवाज जराही कापला नाही.

“शेवटचा प्रश्न,” ते म्हणाले.

हे सगळं ऐकणारे तुम्ही, दाराशीच आहात ना? जरा बघता का, शांत झाली का माझी पोर?