हॉलमधलं चार्जिंग

विकायला काढलेली इलेक्ट्रिक स्कूटर चकचकीत होती, पण चार्जिंगचा बोर्ड घरापासून लांब, पेरूच्या झाडाला बांधलेला होता. कुमुदताईंना तेच खटकलं.

“बॅटरी नव्यासारखी आहे. डोळे झाकून घ्या,” मालक निंबाळकर म्हणाले.

“डोळे झाकून लग्न केलं, तेवढं पुरे. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. बॅटरी लेकीच्या खोलीतच चार्ज करावी लागणार. जरा इथे हॉलमध्ये लावून दाखवा.”

निंबाळकरांनी बॅटरी काढून आणली आणि सोफ्यामागे चार्जिंगला लावली. त्यांच्या बायकोने चहाचे कप समोर ठेवले, पाळण्यातलं झोपलेलं बाळ उचललं आणि ती अंगणात गेली.

“बाळाला उकडतं हो,” निंबाळकर हसले.

“मलाही,” म्हणत कुमुदताई कप घेऊन तिच्यामागे गेल्या.

थोड्या वेळाने निंबाळकरही सोफ्यामागच्या बॅटरीकडे वळून बघत बाहेर आले.