लंगोट सुटण्याचं वय

“ही अडीच वर्षं कुठून आणलीस?” इमाइझुमीसाहेबांनी सायोकोला विचारलं.

“पुस्तकातून. तेवढ्या काळात लंगोट सुटतो.”

“हिदामारीतली मंडळी ते पुस्तक वाचतात वाटतं! जा, विचारून ये.”

सायोको नगरपालिकेच्या खरेदी विभागात नवीन होती. हिदामारी या पालिकेच्या देखभाल केंद्रासाठी पुढची कित्येक वर्षं काय घ्यायचं, कागदी डायपर की कापडी लंगोट, हे तिच्या हिशेबावर ठरणार होतं. नुसतं स्वस्त काय ते बघून चालणार नव्हतं. वस्तू जन्मते तिथपासून तिची राख होते तिथपर्यंत जमिनीवर, पाण्यावर, हवेवर तिचा किती भार पडतो, ते मोजायचं होतं.

मोजता मोजता ती थक्क झाली होती. त्या एवढ्याशा कागदी घडीमागे उत्तरेकडचं पाइनचं जंगल उभं होतं, वाळवंटाखालचं तेल होतं, समुद्र ओलांडणारी जहाजं होती. शेवटी गावाची भट्टी. ओले डायपर जळता जळत नाहीत. राख जायची डोंगरातल्या खड्ड्यात, आणि तो भरत आला होता. खड्ड्याखालचा झराच तिच्या घरी नळाला यायचा. तिच्या लेकीची, चिहोची पेज त्याच पाण्यात शिजायची. कापड जिंकावं असं तिला फार वाटत होतं. पण कापूस पिकवण्या-विणण्याचा भार अडीच वर्षांत काही फिटत नव्हता. कागदच जिंकत होता, आणि आकडा हवा तसा वाकवणं तिला जमणारं नव्हतं.

चिहोला पाठीशी बांधून ती हिदामारीत आली. जेवणाची वेळ. गळ्यात लाळेरी बांधून सगळे ओळीने बसलेले. तिथे कामाला असलेल्या नोबुएताई पेज भरवत होत्या.

“तेत्सुचान, आ कर. विमान आलं बघ! अस्सं. परत थुंकलास? थांब, आता आंघोळच घालते तुला.”

तेत्सुचान बोळकं पसरून खिदळला. तेवढ्यात शेजारच्या हानाचानने त्याचा चमचा पळवला. मग रडारड.

“फार त्रास देतात का हो?”

“छे! गाणं लावलं की गप्प. तू तुझं काम बोल.”

“ताई, यांचे लंगोट किती वर्षांत सुटतात?”

नोबुएताईंचा हात हवेतच राहिला. मग त्या इतक्या हसल्या की पेज सांडली.

“सुटतात? अगं, मी इथे लागले तेव्हा तेत्सुचानचा नुकताच सुरू झाला होता. माझ्या पोराचं शाळा-कॉलेज उरकलं, याचा कुठे सुटतोय!”

सायोकोचे कान तापले. अडीच खोडून तिने मनातच नवा आकडा मांडला. कापसाचा भार वर्षावर्षांत वाटला जात विरळ होत गेला. कापड जिंकत होतं. झरा वाचत होता.

पाठीवर चिहो चुळबुळली. सायोकोने तिला सोडून पुढे घेतलं, तसा खोलीतला गलका एकदम थांबला. तेत्सुचानने थरथरतं बोट पुढे केलं आणि चिहोच्या इवल्याशा टाचेला हळूच लावलं.

“खरंखुरं बाळ!” नव्वदी उलटलेले तेत्सुचान पुटपुटले. “आपल्या गावात अजून जन्मतात?”